चिमणीच्या पोटी थोर इंजिन बसविले आणि पुढल्या ॲक्सलाचे वतन कैसे गेले, त्याची हकीकत

श्री. ज्याच्या वाहनास चाक नाही, इंजिन नाही, तरी जो सर्वांच्या आधी पोहोचतो, त्या मूषकवाहनास नमन. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष व पौष या दोन महिन्यांत एका राज्यात गाडीचे इंजिन पालटले, त्याची खरी गोष्ट कोणी लिहीत नाही आणि खोटी मात्र दरबारच्या भिंतीवर रंगविली आहे, म्हणोन ही लिहिली. राज्याचे नाव लिहीत नाही. डोंगराच्या माथ्यावर राज्य, खाली मुलुख, आणि दोहोंमध्ये एक घाट, त्यास अकरा वळणे. दवाखाना, बाजार, कचेरी सर्व खाली. माथ्यावर महाराज, मोकळा वारा आणि मान. या घाटाने चढउतार करणारी एकच गाडी, लहानशी जीप, हूड ताडपत्रीचे, रंग एके काळी हिरवा, नाव चिमणी. तिचा सारथी दमाजी. दमाजीचा आजा महाराजांच्या आज्याचा बैलगाडीवान, बाप थोरल्या महाराजांचा जीपवाला, आणि दमाजी स्वतः अडतीस वर्षे चिमणीच्या चाकामागे. ऐसे तीन पिढ्यांचे वतन. दमाजीस मुलगा नाही, एक कन्या मथुरा, ती खालच्या मुलुखात दूर दिली होती.

आता त्या राज्याचा एक कायदा ऐकावा, कारण पुढील सर्व अनर्थ त्यातून निघाला. ज्याने राज्याचे मीठ खाल्ले त्यास, तो आपण होऊन पडल्यावाचून, किंवा त्याच्या ठायी दोष सिद्ध झाल्यावाचून, जागेवरून उठवू नये. कायदा मोठा मायेचा, थोरल्या महाराजांनी केलेला, आणि माया अति झाली म्हणजे काय होते ते तेथे पाहून घ्यावे. दरबारचे घड्याळ बंद पडून सव्वीस वर्षे झाली, तरी त्यास रोज किल्ली देणारा कायम. फुटक्या तोफेस दर अमावास्येस तेल. पागेत एक आंधळा घोडा होता, तो मिरवणुकीत सर्वांच्या पुढे चाले, कारण ती त्याची जागा. हे सर्व कारभारी विसाजीपंत सांभाळीत. पंत माणूस वाईट नव्हता, परंतु कायदा म्हणजे काय आणि शहाणपण म्हणजे काय, यात त्यास फरक दिसत नसे.

त्या वर्षी कार्तिकात कोष्ट्याची बायको अडली आणि तीस घेऊन चिमणी निघाली. चिमणीचे इंजिन पंचेचाळीस घोड्यांचे, वय पन्नास वर्षे. उतरताना ब्रेक दाबून दाबून दमाजी सातव्या वळणापर्यंत आला. त्या वळणास लोक सवतवळण म्हणत, कारण तेथे रस्ता आपल्या मनाने वळतो आणि गाडी आपल्या मनाने. तेथे इंजिन खडखडले आणि बंद पडले, ते पुन्हा बोलले नाही. मग चार माणसांनी बाईस खाटेवर घालून खाली नेले. बाई वाचली, मूल वाचले नाही. कोष्टी दमाजीस एका शब्दाने बोलला नाही, समोर आला की रामराम घालून जाई, आणि तो रामराम दमाजीच्या काळजास घरे पाडी. कारण दमाजीच्या घरी तेव्हाच मथुरा येऊन राहिली होती. पहिले बाळंतपण माहेरी, ही चाल; माहेर माथ्यावर आणि दवाखाना खाली, याचा विचार चाल करीत नाही. त्यात सुईणीने पोटास हात लावून सांगितले, "मूल आडवं हाय. माझ्या हातचं काम न्हाई. दिस भरले की खाली दवाखान्यात न्या, आन् गाडीनंच न्या. डोलीचे हिसके तिला सोसायचे न्हाईत." दिवस भरणार पौष वद्यात. गाडी तर अंगणात मेलेली. दमाजीची बायको सगुणा रोज देवास दिवा लावी आणि रोज नवऱ्यास विचारी, "गाडीचं काय झालं?" आणि दमाजी रोज म्हणे, "व्हतंय." ऐसे दोघे एकमेकांस धीर देत.

मग महाराजांस कोष्ट्याची गोष्ट कळो आली आणि महाराज खरोखर कष्टी जाहले. आज्ञा केली की, चिमणीस थोर इंजिन आणावे, घाट ऐकून पळावा ऐसे. राज्याची मिस्त्रीण चांदबी, वय पस्तीस, बाप मुलाणी मिस्त्री वारल्यापासून गॅरेज तीच चालवी. ती खालच्या मुलुखात गेली आणि एका मोठ्या जीपचे इंजिन घेऊन आली. ती जीप पुरात सापडून तिचा सांगाडा गेला होता, पण आतले सर्व शाबूत. इंजिन डिझेलचे, एकशे पाच घोड्यांचे. त्यासंगे गिअरबॉक्स, जोर चाकांकडे नेणारे मधले दांडे, पुढल्या चाकांचा आस म्हणजे पुढला ॲक्सल, तैसाच मागला, सर्व बैलगाड्यांवर घालून आणले आणि गॅरेजापुढे मांडले. लोक पाहावयास लोटले. एका मानकऱ्याने विचारले की, एकशे पाच घोड्यांस चारा कोण घालणार? त्यास समजावून सांगण्यात एक सकाळ गेली.

मार्गशीर्ष शुद्ध दशमीस दरबार भरला. चांदबी उभी राहून बोलली, "सरकार, इंजिन एकटं न्हाई बसवता यायचं. नवरीसंगं पाठराखीण येती तसं हे हाय. इंजिनाचा जोर गिअरबॉक्सनं सोसायचा, गिअरबॉक्सचा ॲक्सलनं. जुनं सगळं काढू आन् ह्ये सगळं एका घरचं घालू." हे ऐकून पंतांनी कायद्याची पोथी उघडली आणि म्हणाले, "काढू, हा शब्द मिस्त्रीणबाईंनी जपून वापरावा. इंजिन आपण होऊन पडले, त्याविषयी वाद नाही. बाकीच्यांचा दोष काय?" चांदबी म्हणाली, जुन्या गिअरबॉक्सचा तिसरा गिअर गेलेला. पंतांनी लिहिले, दोष सिद्ध, निवृत्त. मागल्या ॲक्सलातून तेल गळते. पंतांनी लिहिले, रोज रडतो, सुटका मागतो, निवृत्त. "आणि पुढला?" चांदबी अडली. खोटे बोलणे तिच्या बापाने शिकविले नव्हते. "पुढला ठणठणीत हाय." "मग पन्नास वर्षे इमाने सेवा केलेल्या ठणठणीत नोकरास कोणत्या तोंडाने उठवावे?" चांदबीने कपाळास हात लावला आणि सांगू लागली, "पंत, दोष त्याच्यात न्हाई. त्याचे दाते येगळे. नवा ॲक्सल मागं आन् जुना पुढं ठिवला, तर मागचं चाक चार फेरे घील तवा पुढचं तीनच घील. सपाटीवर जोर मागच्या चाकांवरच, तवर कळायचं न्हाई. घाटात फोर-व्हीलचा दांडा ओढला की चारी चाकं एकमेकांस्नी बांधली जात्यात. मग एक वढंल हिकडं, एक वढंल तिकडं." पंत क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "मग पुढल्याने जरा लगबग करावी." दरबार हसला. चांदबी हसली नाही.

तेव्हा महाराज म्हणाले, "गाडी हाकतो कोण? दमाजी. त्यास विचारा." आणि सर्वांचे डोळे दमाजीवर वळले, आणि येथेच दमाजीची कसोटी होती. दमाजीस ठाऊक होते की चांदबी खरे बोलते. अडतीस वर्षे चाकामागे बसलेल्या माणसास ते सांगावे लागत नाही. परंतु दमाजीचे एक गुपित होते, ते त्याने सगुणेसही सांगितले नव्हते. मागल्या शिमग्यापासून त्याच्या उजव्या डोळ्यापुढे ताक सांडल्यासारखे पांढरे दिसे, आणि आषाढापासून डावाही त्याच वाटेस लागला होता. वळणे तो आठवणीने घेई. पहिले वळण आंब्याच्या वासावर, तिसरे पाण्याच्या आवाजावर, सवतवळण गाडी कलली म्हणजे आले. जोडीस बसत नाही म्हणोन ठणठणीत ॲक्सल काढावा, ऐसा पायंडा आज पडला, तर उद्या कोणी दमाजीच्या डोळ्यांपुढे बोटे धरून विचारील, किती? आणि मग तीन पिढ्यांचे वतन, महाराजांपुढे उभे राहण्याची जागा, लोकांचा "सारथीबुवा" हा शब्द, सर्व जाईल. ऐसे मनात आले आणि दमाजीच्या तोंडून निघोन गेले, "चालतंय, सरकार. जुना हाय, पर इमानी हाय." महाराजांनी मान डोलाविली. पंतांनी लिहिले, पुढल्या ॲक्सलाचे वतन कायम. चांदबीने एकदा दमाजीकडे पाहिले आणि खाली बसली.

दरबार उठल्यावर तिने त्यास दरवाजाशी गाठले. "काका, का बोललासा तसं?" दमाजी पागोटे सारखे करू लागला. "मथुरा हाय ना घरी? तिलाच न्यायचंय ना ह्याच गाडीतनं?" दमाजीने तिच्याकडे पाहिले नाही. मग चांदबी हळू बोलली, "बरं. हुकूम हाय, मी बसवते. पर ऐका. फोर-व्हीलला हात लावू नका. लावलासा तर काहीतरी तुटंल. काय आन् कवा, ते मला बी सांगता यायचं न्हाई." आणि ती गेली. त्या दिवसापासून दमाजीची झोप गेली ती गेली. जेवताना घास फिरे. मथुरा ताट वाढून म्हणे, "आबा, दोन जिवांची मी, जड झाले मी, आणि वाळताय तुम्ही." तो हसे आणि उठोन गॅरेजाकडे जाई, की आज सांगू, चांदबीस सांगू, पंतांस सांगू, आणि तेथे जाऊन पाना उचलून देई आणि परत येई.

गॅरेजात तर मोठी धामधूम. चेन-कप्पीस लोंबकळून थोर इंजिन चिमणीच्या पोटात उतरू लागले आणि पोट पुरेना. पुढली जाळी कापली, रेडिएटर सरकविला, इंजिनास धरणारी नवी पकड वेल्डिंग करून बसविली, तरी बॉनेट मिटेना. शेवटी बॉनेटास भोक पाडून इंजिनाचे डोके वर काढले. स्प्रिंगचे पुढले पाटे वजनाने बसले आणि चिमणी नाक खाली घालून उभी राहिली, नव्या सासुरवाशिणीसारखी. चांदबीने दोन पाटे जास्ती घातले. मागला ॲक्सल नवा बसला. पुढला जुनाच राहिला, त्यास पंतांनी स्वतः येऊन कुंकू लाविले. दमाजी शेजारी उभा होता. त्यास वाटले की कुंकू आपल्यासच लाविले.

पौष शुद्ध पंचमीस मैदानात पहिली परीक्षा. महाराज व मानकरी येऊन बसले, आणि दमाजीने किल्ली फिरविली, आणि एकशे पाच घोडे एकदम खिंकाळले, ऐसा आवाज उठला की पागेतला आंधळा घोडा दावे तोडून उभा राहिला. चिमणी मैदानात ऐसी धावली की धुळीत मानकऱ्यांची पागोटी दिसेनात. महाराजांनी टाळी दिली. साखर वाटली. पंतांनी तेथेच चितारी बोलावून भिंतीवर चित्राची आज्ञा केली. सर्व जय जय म्हणत होते आणि दमाजीच्या पाठीवरून घाम वाहत होता, कारण सपाट मैदान आणि नुसती मागली चाके, यात काहीच सिद्ध झाले नव्हते, हे त्यास आणि चांदबीस ठाऊक, बाकी कोणास नाही. तो उतरला तेव्हा महाराजांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "दमाजी, तुझी मथुरा आता पालखीतून गेल्यासारखी जाईल." दमाजीने मुजरा केला. मुजऱ्यातून मान वर करण्यास त्याने वेळ लाविला, तो लोकांनी आनंदाचा समजला.

मग घाटाची परीक्षा ठरली, पौर्णिमेनंतर दुसरे दिवशी सकाळी. माणसे बसवू नयेत, म्हणोन मागल्या बाकावर नाचणीचे एक पोते आडवे बांधले, वजन बरोबर एका बाईइतके, ते सगुणेने आपल्या हाताने भरले होते आणि उशा लावाव्या तशी दोहो बाजूंस चिंध्यांची गाठोडी लाविली होती. शेजारी चांदबी बसली. गाडी निघाली. पहिले वळण, दुसरे, तिसरे बरे गेले. आंब्याचा वास आला, पाणी वाजले. परंतु इंजिन जड, ते गाडीस खाली लोटी, आणि ब्रेक तापून वास सुटला. दमाजी मनात मोजीत होता, चार, पाच, सहा. सवतवळणाशी गाडी कलली आणि चांदबी ओरडली, "काका, दगुड!" वाटेच्या मधोमध रात्री पडलेला धोंडा, घागरीएवढा. दमाजीस तो दिसला नाही. त्याने आवाजावर ब्रेक दाबला, गाडी घसरत जाऊन धोंड्याशी थबकली. आता धोंड्यास वळसा घालायचा आणि उतार ऐसा की मागली चाके खडीवर धरेनात. दमाजीचा हात आपण होऊन दांड्याकडे गेला. अडतीस वर्षांची सवय. चांदबी म्हणाली, "नगा!" आणि तोवर दांडा ओढला गेला होता. दहा पावले गाडी कुंथत गेली. स्टिअरिंग दगडासारखे जाहले. पुढली चाके तीन म्हणत आणि मागली चार, आणि मधे सर्व लोखंड पिळत होते, ते दोघांच्या पायांखाली कळत होते. मग कडाड् ऐसा आवाज जाहला, पुढली चाके आवळली, आणि चिमणी सरळ दरीकडे गेली.

कठड्याच्या शेवटच्या दगडाने गाडी अडविली. पुढले डावे चाक हवेत. इंजिन बंद पडले आणि घाटात ऐसी शांतता की दरीतला भारद्वाज ऐकू आला. चांदबीने दमाजीस त्याच्या बाजूने बाहेर लोटले आणि मागाहून आपण निघाली. दोघे वाटेवर बसली. तेव्हा दमाजीने पाहिले, म्हणजे पाहिले म्हणावे तितके त्यास दिसत होते, की मागल्या बाकावर काही नाही. पोत्याची दोरी तुटली होती आणि पोते उडोन खाली पहिल्या कड्यावर पडोन फुटले होते. त्यास पोते दिसले नाही. नाचणी मात्र ऐकू आली. कड्यावरून ओघळत, थांबत, पुन्हा ओघळत. एका बाईच्या वजनाची नाचणी. दमाजी दोन्ही हात डोक्यावर घेऊन पोरासारखा रडला. मग चांदबी म्हणाली, "धोंडा तुम्हाला दिसला न्हाई." दमाजी म्हणाला, "न्हाई." "कवापास्नं?" "शिमग्यापास्नं." चांदबीने पदराने तोंड पुसले. "आता समजलं," एवढेच ती बोलली.

मग बैलजोड्या लावून गाडी वर आणली आणि त्याच दुपारी दमाजी, कोणी बोलाविले नसता, दरबारात गेला. पंत धोंडा कोणी टाकला याची चौकशी लिहीत होते. दमाजीने चिमणीची किल्ली महाराजांपुढे जमिनीवर ठेविली आणि बोलला, "सरकार, धोंड्याचा गुन्हा न्हाई. त्या दिशी चांदबी खरं बोलत व्हती आन् म्या खोटं बोललो. ॲक्सल इमानी हाय, पर जोडीत बसत न्हाई, हे मला ठावं व्हतं." महाराज आश्चर्यचकित होऊन म्हणाले, "मग का बोललास? पोटची पोर न्यायची असता?" दमाजी म्हणाला, "भ्यालो. त्याला काढलं तर मलाबी काढतील म्हून. सरकार, माझी नदर गेली. वळणं आठवणीनं घेतो मी. आज धोंडा दिसला न्हाई. पोत्याच्या जागी मथुरा असती." महाराजांनी दोन बोटे वर केली आणि दमाजी म्हणाला, "काय केलंसा ते दिसत न्हाई, सरकार. काहीतरी केलंसा एवढं कळतंय." मग पुढे म्हणाला, "थोरल्या महाराजांचा कायदा मोठा. पर त्यात एक भर घाला. दोष नसला तरी जोडीला बसत न्हाई, त्यानं आपण होऊन उठावं. त्यो ॲक्सल लोखंडाचा, त्याला उठता येत न्हाई. त्याच्या वतीनं मी उठतो. त्याला काढा, आन् मलाबी काढा."

पंतांचा आवाज प्रथमच कातर जाहला. "दमाजी, आपण होऊन सोडलेले वतन परत मिळत नाही, हे ठाऊक आहे ना? तीन पिढ्यांचे आहे." दमाजी म्हणाला, "ठावं हाय, पंत." "मग गाडी कोण हाकणार?" "चांदबी." तेव्हा चांदबी मागून दचकून म्हणाली, "मी? काका, मला गाडी खालनं ठावं, वरनं कुठं?" "मैदानात फिरीवतीस की दुरुस्तीपायी. हात चांगला हाय तुझा. घाट मी सांगंन." मग महाराजांनी आपल्या हाते किल्ली उचलून चांदबीस दिली, आणि दमाजीकडे पाहण्याचे टाळून आत गेले.

मग वेळ थोडका. चांदबीने अंग धुणे सोडून काम धरले. जुना ॲक्सल उतरला, त्याचे आतले चक्र दोन दात गमावून बसले होते. नवा चढविला, मधला दांडा लांबीस कमी पडला तो जोडून घेतला, ब्रेक मोठे घातले. दमाजी रोज जाई आणि तिला घाट सांगे. जमिनीवर काठीने रेघा ओढून, कोठे खडी, कोठे पाण्याचा झिरपा, कोठे समोरून म्हशी येतात. वद्य चतुर्थीस सकाळी शेवटचा बोल्ट आवळला, आणि चांदबी हात पुसत म्हणाली, उद्या रिकामी गाडी घेऊन एकदा खाली जाऊन येऊ. आणि दुपारी, जेवणाची पाने मांडली असता, मथुरेस कळा सुरू जाहल्या. आठ दिवस आधी.

परीक्षा नाही, काही नाही. सगुणा मोठ्याने देवाचे नाव घेऊ लागली. मथुरेस मागल्या बाकावर निजविले, तेथेच, जेथे पोते होते. सगुणा उशाशी, दमाजी पायथ्याशी बाकाच्या कडेवर. वाटेवर लोक उभे राहिले, त्यात कोष्टी होता. तो पुढे आला, ताडपत्रीची दोरी नीट बांधली आणि दमाजीस म्हणाला, "संभाळून न्या." कार्तिकापासून प्रथमच तो रामरामाखेरीज काही बोलला. मग गाडी निघाली. दमाजी मागून सांगे, "आंब्याचा वास आला, आता डावीकडं. आत घे. आता सोड. हितं झिरपा हाय, दुसऱ्यात ठेव," आणि चांदबी तैसे करी, आणि मथुरा एक पाय खाली टेकवून, दात आवळून कळ सोशी, आणि चिमणी उतरे. चार, पाच, सहा. गाडी कलली. चांदबीने विचारले, "काका, टाकू का?" इतक्या वर्षांत हा दांडा कोणी विचारून ओढला नव्हता. तो म्हणाला, "टाक, बाई." चांदबीने दांडा ओढला.

काही जाहले नाही. चारी चाकांनी एकसारखी खडी धरली आणि इंजिन आपल्याच जोरावर गाडीस मागे धरून पाऊल पाऊल उतरू लागले. कड्यावर सांडलेल्या नाचणीवर पाखरे जमली होती, ती भुर्रकन उडाली. दमाजीस दिसली नाहीत, पंख ऐकू आले. तो सर्व अंगाने गाडी हाकीत होता. तेव्हा मथुरा, दोन कळांच्या मधे, धापा टाकीत म्हणाली, "आबा, पाय काढा. ब्रेक म्हून माझा पाय दाबताय." दमाजीने खाली हात लावून पाहिले. खरेच, उजव्या पायाने लेकीचे पाऊल दाबून धरले होते. त्याने पाय उचलला, आणि कोठे ठेवावा हे त्यास कळेना. मग मांडी घालून बसला. ऐसा, हातात काही नाही, पायाखाली काही नाही, तो घाट उतरला.

सूर्य मावळण्याआधी दवाखान्यात मथुरेस मुलगी जाहली. पोट चिरावे लागले, दोघी सुखरूप. त्याच दवाखान्याच्या डॉक्टरांनी भिंत चाचपीत चालणारा आजा पाहिला, त्यास बसविले, डोळ्यांत बत्ती धरली आणि म्हणाले, मोतीबिंदू आहे, काढून टाकू, एवढे दिवस कशास थांबलात? महिन्याभरात दमाजीचे दोन्ही डोळे लख्ख जाहले. प्रथम त्याने नात पाहिली. नाक चांगले आहे, म्हणाला. मग सगुणेकडे पाहिले आणि म्हणाला, "तू म्हातारी कवा झालीस?" ती म्हणाली, "तुम्हाला दिसत नव्हतं तवा."

फाल्गुनात महाराजांनी त्यास बोलाविले. पंतांनी पोथीत कोठेतरी वाट काढिली होती. दोष निवारण जाहल्यास वतन परत देता येते, ऐसे एक कलम, शाई जरा ताजी दिसत होती. महाराज म्हणाले, "दमाजी, किल्ली घे. चांदबीचेही म्हणणे तेच आहे." चांदबी मान खाली घालून किल्ली पुढे धरून उभी होती. दमाजीने ती किल्ली लख्ख डोळ्यांनी पाहिली. तिच्यावरची पितळेची चिमणी त्याच्या बापाने घासून घासून गुळगुळीत केलेली. हात थोडा उठला, हे चांदबीने पाहिले, आणि दुसऱ्या कोणी नाही. मग तो म्हणाला, "नगं, सरकार. जोडी बसलीया. आता हात लावू नका." मुजरा केला आणि मागल्या पावली दरबाराबाहेर आला.

ऐसी इंजिनपालटाची हकीकत. दरबारच्या भिंतीवर महाराज, पंत आणि एकशे पाच घोडे रंगविले आहेत, ते पाहावे, चित्र बरे आहे. जुना पुढला ॲक्सल दरवाजाबाहेर दोन दगडांवर ठेविला आहे, त्यावर फळी टाकून बाक केला आहे. संध्याकाळी घाटातून चिमणीचा आवाज येतो, तेव्हा दमाजी नातीस मांडीवर घेऊन तेथे बसलेला असतो. सवतवळणाशी आवाज बदलला म्हणजे उजवा पाय जरा दाबतो, आणि आवाज सरळ जाहला म्हणजे सोडतो. पाहिले आणि ऐकले तेवढे लिहिले. अधिक वाटेल ते वाचणाराने काढावे, परंतु जोडी पाहून.